शेजारच्या सीटचा ब्रेक

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनच करणार होतो, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. म्हणून पत्र. आणि या पत्राला उत्तर हवंय, नुसते आशीर्वाद नकोत.

विषय आपल्या ठेंगणीचा, बाबांच्या गाडीचा. ब्रेक बदलावेत असं मनात आहे. उस्तादच्या गॅरेजमध्ये जाऊन आलो. सध्या पुढच्या चाकांना ज्या डिस्क आहेत त्या बशीएवढ्या. हल्ली जेवणाच्या ताटाएवढ्या मिळतात, त्यांना दाबून धरणारे चिमटेही दुप्पट ताकदीचे. उस्ताद म्हणाला, "करायचं तर करून देतो डॉक्टर, पण मोठी डिस्क जुन्या चाकात मावणार नाही. चाकं बदलावी लागतील." म्हणजे तारांची चाकं काढायची आणि नवी, मोठी, भरीव चाकं बसवायची.

एवढं वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल हे मला इथून दिसतंय. पण शांतपणे विचार कर. गाडी वयाने माझ्यापेक्षा लहान नाही. बाबांनी ती कुणाच्या तरी परसातून उचलून आणली तेव्हाच ती मोडीत निघालेली होती. त्या काळात रस्त्यावर असायचं कोण? चार सायकली, एक बस. आता कोण कुठून घुसेल सांगता येत नाही, आणि मी या बुटक्या गाडीत ट्रकच्या चाकाशी डोळे भिडवून बसलेला असतो.

शिवाय आमच्या बाईसाहेबांनी जाहीर केलंय, "त्या गाडीचं काय ते एकदाचं करा, नाहीतर विकून टाका." बाईसाहेब स्वतः पोहण्याच्या तलावावर रोज पन्नास पोरांना खोल पाण्यात ढकलतात, पण या गाडीला घाबरतात. आजवर एकदाही बसलेल्या नाहीत.

आईने जाताना गाडी दोघांची म्हणून ठेवली. तेव्हा तुझ्या होकाराशिवाय मी एक नटही सैल करणार नाही. लवकर कळव. उस्ताद सामान मागवायला थांबलाय.

तुझा,
बाळ
(अठ्ठावन्न वर्षांचा)

*

११ फेब्रुवारी

चिरंजीव बाळ,

आशीर्वाद देणारच. तू नको म्हटलंस म्हणून ते थांबत नाहीत.

तुझं पत्र वाचून पहिला विचार आला तो असा, की दाताच्या डॉक्टरला गाडी द्यायलाच नको होती. हललं की उपटायचं आणि तिथे चकचकीत नवं बसवायचं, हा तुझा धंदा. उद्या स्टेअरिंगला कवळी बसवशील.

तारांची चाकं काढायची म्हणतोस? अरे, ती चाकं आपण घासलीत. विसरलास? शनिवारी संध्याकाळी बाबा कामावरून यायचे, हाताला लिफ्टच्या दोरखंडाचं ग्रीस, आणि चहा व्हायच्या आत शेडचं दार उघडायचे. घरातले जुने टूथब्रश एका डब्यात जमवलेले असायचे. उजवीकडची दोन चाकं माझी, डावीकडची तुझी. एकेक तार वरून खाली, मग मागून. तू बाहेरची बाजू लखलखीत करायचास आणि आतली तशीच सोडायचास. बाबा आतून बोट फिरवायचे आणि ते काळं बोट तुझ्या नाकाला पुसायचे. "याचा धंदा ठरला," ते आईला म्हणायचे, "हा आयुष्यभर ब्रश करा म्हणून लोकांना सांगत फिरणार." त्यांचं ते भाकीत खरं झालेलं बघायला ते राहिले, याचं मला फार बरं वाटतं.

आणि मी कुठे बसायचे आठवतं? गाडी दोघांची, माणसं चार. तू आईच्या मांडीवर, राजासारखा, समोर सगळा रस्ता. आणि मी सीटांच्या मागच्या फळीवर आडवी, बॅग ठेवतात तिथे, मान वाकडी करून. मला आभाळ दिसायचं, नाहीतर दोन सीटांच्या फटीतून खाली तुम्हा लोकांचे पाय. पंधरा वर्षांची होईपर्यंत मी त्या फळीवर मावत होते. ज्या दिवशी मावले नाही त्या दिवशी मी शेडमागे जाऊन रडले होते, हे आज तुला पहिल्यांदा सांगतेय.

मी यंत्रमागांच्या कारखान्यात कान घालवले, पण डोकं शाबूत आहे. त्या गाडीचे ब्रेक वाईट कधीच नव्हते. बाबा लिफ्टवाले. लिफ्ट मजल्याच्या फरशीला फरशी लागून थांबली पाहिजे, माणसाला ठेच लागता कामा नये, हा त्यांचा बाणा. त्यांनी ज्याला हात लावला ते थांबायचंच.

तेव्हा आधी मला हे सांग, इतकी वर्षं चाललेले ब्रेक आत्ताच का खुपायला लागले?

तुझी,
ताई

*

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू तिकडे खुर्चीत बसून आठवणी काढ. गाडी मी चालवतो. लिफ्ट चार भिंतींच्या विहिरीत वरखाली जाते, तिच्यासमोर कुणी रिक्षा आडवी घालत नाही.

का खुपायला लागले म्हणतेस, तर खुपायला लागले. गेल्या वर्षभरात ब्रेक मऊ पडलेत. पाय दाबतो, गाडी थांबते, पण मला पाहिजे तिथे थांबत नाही, जरा पुढे जाऊन थांबते. पूर्वी असं नव्हतं. आई असताना दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीच्या उतारावरून खाली यायचो, बेकरीच्या वळणावर गाडी अशी अलगद थांबायची की आईच्या मांडीवरचा थर्मास हलायचा नाही. आता त्याच उतारावर, त्याच गाडीत, मला घाम फुटतो. उस्तादने दोनदा तपासलं. तो म्हणतो ब्रेक ठीक आहेत. ठीक असतील त्याच्या हिशोबाने.

तू चाकांचं लिहिलंस म्हणून काल रात्री जेवण झाल्यावर शेडमध्ये जाऊन बसलो. तो टूथब्रशचा डबा अजून आहे. त्यात माझा लहानपणीचा निळा ब्रश सापडला, दांड्यावर माझ्याच दातांचे ठसे. चाकांकडे बघवेना. पण चाकं जपायची की मान जपायची, असा प्रश्न आहे ना ताई?

आणि राजासारखा वगैरे काही नव्हतं. आईच्या मांडीवर बसणं ही शिक्षा होती. कुशीत घेऊन गाणं म्हणत असायची, आणि मधेच मांडी दगडासारखी ताठ व्हायची, मी घसरून पुढे डॅशबोर्डवर. मला वाटायचं, मी जड झालो, ती दमली. म्हणून मी पोट आत घेऊन, श्वास रोखून बसायचो, म्हणजे वजन कमी होईल. तू शेडमागे रडलीस, मी मांडीवर श्वास कोंडला. बाबा तेवढे मजेत.

हो म्हण आता. चाकं मी विकणार नाही, शेडमध्ये भिंतीला टांगून ठेवीन, शब्द देतो.

बाळ

*

२५ फेब्रुवारी

बाळ,

चाकं भिंतीला टांगायची? मग मलाही टांग त्यांच्या शेजारी.

तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा फार बोलायचास. या पत्रात तू बेकरी, थर्मास, टूथब्रश सगळं लिहिलंस आणि घाम नेमका का फुटतो ते गाळलंस. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

काय झालं? कुठे झालं? तुला लागलं का? कुणाला लागलं? सरळ लिही. तोवर माझा होकार नाही, आणि नकारही नाही.

ताई

*

६ मार्च

प्रिय ताई,

कुणालाही लागलं नाही. हे आधी वाच, मग पुढचं.

जानेवारीतली गोष्ट. रविवार, सकाळ, टाकीचा उतार. मी नेहमीसारखा खाली येत होतो, छत उघडं, ऊन छान. बेकरीच्या वळणावर एक हातगाडी आडवी आली. तिच्यावर कपाट होतं, उभं बांधलेलं, आणि कपाटाच्या दाराला पुरुषभर आरसा. हातगाडीवाला कपाटामागे, तो मला दिसेना, मी त्याला दिसेना. मला दिसलो तो मी. समोरून एक लाल ठेंगणी गाडी अंगावर येतेय आणि तिच्यात एक टकलू माणूस. आयुष्यभर मी लोकांना "आ करा" म्हटलं, त्या दिवशी मीच एवढा मोठा आ केला होता की माझी अक्कलदाढ मला आरशात दिसली असती.

हसू नकोस. मी सगळं वजन ब्रेकवर टाकलं. चाकं जागच्या जागी थिजली आणि गाडी तशीच घसरत गेली. आरशापासून हातभर अंतरावर थांबली. रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे उठले, ते अजून आहेत. हातगाडीवाला बाजूने डोकावला, म्हणाला, "काका, भांग पाडायचाय का?" बेकरीसमोरची सगळी माणसं हसली. मीही हसलो. मग घरी येऊन शेडमध्ये गाडीतच बसून राहिलो.

एक सांगू? आरशात मी स्वतःला पाहिलं त्याचं काही नाही. शेजारची सीट पाहिली. रिकामी. आई गेल्यावर इतके रविवार मी तसाच एकटा जातोय, पण ती सीट रिकामी दिसते कशी, ते मला तोवर माहीतच नव्हतं. पुढे बघत चालवणाऱ्याला शेजार दिसत नाही.

बाईसाहेबांना आरशाचं सांगितलेलं नाही. त्यांना बेकरीतून कळलंच असणार, पण त्या विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

तर आता कळलं ना? चाकं जपून काय करू, एखाद्या दिवशी आरशाऐवजी माणूस असेल तर? मी उस्तादला वीस मार्चची तारीख दिलीय. तुझं उत्तर त्याच्या आत आलं तर तुझं ऐकेन. नाही आलं तर होकार समजेन. माफ कर, पण मला ती गाडी आता चालवताना भीती वाटते, आणि भीती वाटत असताना ती विकायची वेळ आली तर ते मला सहन होणार नाही. नवे ब्रेक घालून तरी ती माझ्याजवळ राहील.

बाळ

*

१२ मार्च

माझ्या बाळा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसले. शेजारच्या मुलीला सांगून हे जलद टपालाने पाठवतेय, म्हणजे वीसच्या आत पोचेल.

आधी रडून घेतलं. मग त्या आरशावर हसले. दोन्ही झाल्यावर डोकं चालायला लागलं.

तूच लिहिलंस की चाकं थिजली आणि गाडी घसरली. मला गाडीतलं कळत नाही, पण कारखान्यात माझ्या हाताखाली चाळीस माग होते आणि प्रत्येकाला ब्रेक होता. चाक थिजलं म्हणजे ब्रेकने त्याचं काम पुरं केलं. त्यापुढे घसरतंय ते चाक रस्त्याला धरत नाही म्हणून. ब्रेक याहून मोठा घातलास तर तो आणखी काय थिजवणार? टायर शेवटचे कधी बदललेस, ते उस्तादला विचार. बहुतेक आईनेच बदलायला लावले असतील.

पण हे झालं रबराचं. मला वेगळंच सांगायचंय.

तू मांडीवर बसायचास, तुला रस्ता दिसायचा. मी फळीवरून फटीतून खाली बघायचे, मला पाय दिसायचे. बाबांचे पाय पेडलवर आणि आईचे पाय मोकळ्या मॅटवर. बाळ, आई ब्रेक मारायची. तिच्या बाजूला पेडल नव्हतं, नुसता पत्रा. पण समोर जरा काही हललं, कुणी वळलं, कुत्रं उठलं, की तिचा उजवा पाय धप् करून खाली. आणि तिच्यामागोमाग बाबांचा पाय ब्रेकवर. दरवेळी याच क्रमाने. आधी आई, मग बाबा. मी कितीतरी रविवार तेवढंच बघत पडलेली असायचे, दुसरं बघायला होतंच काय?

एकदा चाकं घासताना मी बाबांना विचारलं, "आई उगाच पाय का आपटते?" ते हसले. म्हणाले, "उगाच नाही. मी आरसा बघतो, गिअर बघतो, आवाज ऐकतो. ती नुसता रस्ता बघते. तिला माझ्या आधी दिसतं." आणि मग हळूच, "तिला सांगू नकोस. लाजेल आणि पाय आवरून बसेल." मी नाही सांगितलं. कुणालाच नाही. नंतर विसरूनही गेले, पोरं झाली, कारखाना झाला, आईचे पाय दुखायला लागले. तुझ्या पत्रात मांडी ताठ व्हायची असं वाचलं आणि ती सगळी फट माझ्यासमोर पुन्हा उघडली. तू जड नव्हतास रे. तुझी आई तुझ्याखाली ब्रेक दाबत होती.

बाबा गेल्यावर तू चालवायला लागलास, आणि आई तिच्या जागेवर तशीच. तुझ्याही बाबतीत ती तेच करत असणार, याबद्दल मला जराही शंका नाही. तुला धप् ऐकू यायचं आणि तुझा पाय जायचा, तुला न कळता. म्हणून थर्मास हलायचा नाही. ब्रेक गेल्या वर्षी मऊ पडले म्हणतोस. गेल्या वर्षी आई गेली, बाळ.

जा आणि तिच्या बाजूची मॅट उचलून बघ. मग उस्तादला काय सांगायचं ते तू ठरव. तू मोठ्या डिस्क घातल्यास तरी मी रागावणार नाही, चाकांवरून तुझ्याशी भांडणार नाही. पण ताटाएवढ्या डिस्क घातल्या म्हणून तुझ्या आधी कुणाला दिसणार नाही.

आणि एक. आमची भावजय गाडीला घाबरते असं तू लिहितोस. जी बाई दहा फूट खोल पाण्यात उलटी उडी मारते ती गुडघ्याएवढ्या गाडीला घाबरेल, हे मला पटत नाही. तिला कधी विचारलंयस का, "चल" म्हणून?

तुझी,
ताई

*

२१ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र अठराला आलं. दवाखान्यात पेशंट खुर्चीवर, तोंडात कापूस, आणि मी खिडकीशी उभा राहून तुझं पत्र वाचत होतो. बिचारा बराच वेळ आ करून बसला. शेवटी कापसातूनच म्हणाला, "डॉक्टर, वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही.

संध्याकाळी मॅट उचलली. ताई, मॅटला आरपार भोक आहे. मी इतकी वर्षं गाडी धुतो, पुसतो, पण त्या बाजूची मॅट कधी उचलली नाही, आईचे पाय तिथे असायचे म्हणून, आणि नंतर नसायचे म्हणून. भोकाखाली पत्र्याचा रंग उडालाय, पांढरा लख्ख पत्रा दिसतो, आणि चवड्याच्या जागी तो खोलगट झालाय. हात ठेवून बघितला. माझा तळवा त्यात बरोबर बसला.

मी त्या सीटवर बसलो. या जन्मात पहिल्यांदा, मांडीशिवाय. तिथून रस्ता किती मोठा दिसतो ग. समोर स्टेअरिंग नाही, घड्याळं नाहीत, काही नाही, नुसती काच आणि पुढचं सगळं. आणि मला आठवलं. धप्. खरंच ऐकू यायचं. मला वाटायचं ती पाय हलवून मुंग्या घालवतेय. मी तिला म्हणायचोसुद्धा, "आई, पाय दुखतोय का? थांबूया का?" ती म्हणायची, "नको, चल." मग मी तिथे खूप रडलो. दिवे लावले नव्हते, कुणी बघितलं नाही.

काल गॅरेजला गेलो. उस्तादने नवं सामान मांडून ठेवलेलं, ताटं खरंच देखणी होती, खोटं कशाला बोलू. त्याला म्हटलं, टायर बघ. त्याने टायरच्या बाजूला नख रोवायचा प्रयत्न केला, नख रुतेना. "लाकूड झालंय डॉक्टर," म्हणाला, "हे मीच आधी बघायला हवं होतं, पण तुम्ही ब्रेक ब्रेक करत आलात." तर नवे टायर घातले, जुन्याच चाकांवर. ब्रेकचं तेल काळं पडलं होतं, ते बदललं. रबरी नळ्या नव्या, पॅड नवे. डिस्क बशीएवढ्या होत्या तेवढ्याच. चाकांच्या तारा आतून काळ्या होत्या, घरी आणून निळ्या ब्रशने आतूनही घासल्या. तुझी उजवीकडची दोन चाकंही घासली. आता तक्रार नको.

आता उरलं तू शेवटी लिहिलंस ते. मी खूप आठवून बघितलं. नाही विचारलं ताई. लग्न झालं तेव्हा बाबा चालवायचे आणि आई शेजारी. मग मी चालवायला लागलो आणि आई शेजारी. ती जागा कुणाची हा प्रश्नच पडला नाही. आणि बाईसाहेब कधी बोलल्या नाहीत, म्हणून मी ठरवून टाकलं की घाबरतात. आपल्याला सोयीचं ते माणूस लगेच ठरवतं.

उद्या विचारणार आहे. मघापासून दोनदा पाणी प्यायलो. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या लोकांना काय होत असेल ते मला आज समजतंय.

बाळ

*

२ एप्रिल

ताई, नमस्कार.

यांनी तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं, मी कागद ओढून घेतला. इतके दिवस तुम्ही बहीणभाऊ माझ्याबद्दल लिहिताय, आता माझंही थोडं वाचा.

हे मला विचारायला कुठे आले माहीत आहे? तलावावर. माझा वर्ग चालू, तीस पोरं पाण्यात, आणि हे बूट घालून काठावर उभे. पाण्याच्या आवाजात मला ऐकू येईना, म्हणून मोठ्याने ओरडले, "माझ्याबरोबर गाडीत बसशील का?" तीसच्या तीस पोरं हसायला लागली. एक म्हणाला, "बाई, हो म्हणा." मी शिट्टी वाजवली आणि पोरांना पलीकडे पोहत जायला सांगितलं, म्हणजे मला तोंड फिरवता येईल.

मी घाबरत नव्हते. इतकी वर्षं दर रविवारी मीच थर्मास भरायचे, मीच आईंना हात धरून त्या ठेंगण्या सीटवर बसवायचे, त्यांचा पदर आत घ्यायचे आणि दार लावायचे. मग हात हलवायचे. आईंवर कधी राग आला नाही, शपथ सांगते. त्यांची जागा होती आणि त्या फाटकातून बाहेर पडताना मान वळवून माझ्याकडे बघायच्या, त्यांना कळत असावं. पण आई गेल्यावरही मी थर्मास भरत राहिले आणि हे तो घेऊन एकटे जात राहिले. रिकाम्या सीटवर थर्मास ठेवून जायचे ताई. तेव्हा मात्र लागलं. जानेवारीत बेकरीवाल्याने मला आरशाचं सांगितलं, आणि यांनी मला सांगितलं नाही. म्हणून मी म्हटलं, गाडीचं काय ते करा नाहीतर विकून टाका. मला वाटलं, जी गाडी मला बसवून घेत नाही तिला मी यांचा जीव तरी का घेऊ देऊ?

परवा रविवारी गेलो. यांनी दार उघडून धरलं. मी थर्मास मांडीवर घेतला. हे टाकीच्या उतारापर्यंत मान अवघडून चालवत होते. उतार सुरू झाला, वारा आला, आणि खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. बेकरीच्या दारातून एक बाई बाळाची गाडी ढकलत रस्त्याकडे आली, अजून फुटपाथवरच होती. माझा पाय खाली गेला. धप्. आणि त्याच दमात यांचा. गाडी वळणाच्या कितीतरी अलीकडे उभी राहिली. त्या बाईने सावकाश रस्ता ओलांडला, आमच्याकडे बघून हसली. थर्मास हलला नाही.

यांनी समोर बघतच विचारलं, "लागला का ब्रेक?"

मी म्हटलं, "लागला."

मग हे बराच वेळ गाडी पुढे नेईनात. मागच्या माणसाने हॉर्न वाजवला तेव्हा निघालो.

घरी आल्यावर मी मॅट उचलून बघितली. यांना नवी आणायची होती, मी नको म्हटलं. आई उंच होत्या, माझा पाय लहान. माझा चवडा त्यांच्या खळग्यापर्यंत पोचत नाही, चार बोटं अलीकडे पडतो. तिथला रंग अजून पक्का आहे. उडेल हळूहळू.

तुमची,
भावजय